निशाण्यापासून टेहळणीपर्यंत : एक प्रस्तावना

सिहोऱ्याच्या आसपास धानाच्या बांध्यांवर फवारणी करणारा ड्रोन आता नवलाचा राहिलेला नाही. चार-सहा पंखे, खाली औषधाची टाकी आणि बांधावर उभा राहून रिमोट सांभाळणारा तरुण. दहा-पंधरा मिनिटांत बॅटरी उतरते, मग दुसरी लावायची. लग्नात वरातीवरून फिरतो तो याचाच धाकटा भाऊ. त्यामुळे ड्रोन म्हटले की आमच्या तुमसर तालुक्यातल्या मुलांच्या डोळ्यांपुढे हेच यंत्र येते. हे पुस्तक ज्या ड्रोनबद्दल आहे, त्याचे या दोघांशी फारसे नाते नाही. तो हवेत एका जागी थांबू शकत नाही. वेग एका मर्यादेखाली गेला की तो पडतो. त्याच्या पोटात जेट इंजिन असते आणि तासाला ९०० किलोमीटरच्या आसपास वेगाने तो शत्रूच्या मुलखावरून जातो. तिथले चित्र घेतो आणि जमले तर परत येतो.

‘जमले तर’ हे शब्द मी जाणूनबुजून लिहिले. टेहळणीच्या जेट ड्रोनवर इंग्रजीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यात बहुतेक वेळा वेगाचे, उंचीचे आणि गुप्ततेचे कौतुक असते. मराठीत हे पुस्तक लिहिणारे आमचे स्नेही हवाई दलाच्या इंजिन देखभालीत आयुष्य घालवून गावी परतले आहेत. त्यांनी वेगळी वाट धरली आहे. त्यांच्या मते हे यंत्र समजून घ्यायचे तर ते परतीच्या बाजूने वाचावे लागते. विमान उडवणे तुलनेने सोपे. माणूस आत नसताना ते नेमके ठरलेल्या जागेवरून नेणे, शाबूत परत आणणे आणि पुन्हा उडण्याजोगे करणे यात खरी रचना आहे. हस्तलिखित वाचून झाल्यावर मलाही तेच पटले, म्हणून ही प्रस्तावना त्याच मुद्द्यावर लिहितो आहे.

या ड्रोनचा जन्म टेहळणीसाठी झालाच नाही. तो झाला गोळ्या झेलण्यासाठी. दुसऱ्या महायुद्धानंतर लढाऊ विमाने जेटवर गेली आणि तोफचींना, वैमानिकांना सराव करायला तेवढ्याच वेगाचा निशाणा हवा झाला. अमेरिकेत सॅन दिएगोच्या रायन कंपनीने ‘फायरबी’ नावाचे बिनमाणसाचे छोटे जेट विमान तयार केले आणि १९५१ मध्ये ते उडवले. त्याचे इंजिन मूळ फ्रेंच बनावटीच्या मार्बोरे इंजिनाची अमेरिकी आवृत्ती होती. विमान लहान, वेगवान आणि स्वस्त होते. निशाणा चुकला तर पॅराशूटने उतरवून पुन्हा वापरता येत असे. हे सगळे गुण टेहळणीलाही लागतात हे तेव्हा थोड्यांनाच सुचले होते.

ते सर्वांच्या ध्यानात आले दोन घटनांनंतर. १ मे १९६० रोजी सोव्हिएत संघाने अमेरिकेचे यू-२ हे टेहळणी विमान पाडले आणि वैमानिक गॅरी पॉवर्स जिवंत पकडला गेला. २७ ऑक्टोबर १९६२ रोजी क्युबावर दुसरे यू-२ पडले आणि मेजर रुडॉल्फ अँडरसन मारले गेले. पहिल्या घटनेत देशाची जगभर नामुष्की झाली, दुसरीत जग अणुयुद्धाच्या तोंडाशी आले. माणूस आत नसता तर पकडायला कोणी नव्हते आणि मरायलाही नव्हते. रायनचे अभियंते फायरबीत कॅमेरा बसवायच्या कामाला लागले होतेच. त्यातून १४७ या क्रमांकाचे, ‘लाइटनिंग बग’ म्हणून ओळखले जाणारे ड्रोन आले.

निशाण्याच्या विमानाचे टेहळणी विमान करताना नेमके काय बदलावे लागले, हे पुस्तकाच्या दुसऱ्या प्रकरणात आकृत्यांसह आहे. मला त्यातला एक धागा फार मोलाचा वाटतो. उंचावरून उडायचे तर हवा विरळ. १२ किलोमीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण पाव होते, १८ किलोमीटरवर दहावा हिस्सा उरतो. इंजिनाला खायला हवा कमी, पंखांना टेकायला हवा कमी. म्हणून लाइटनिंग बगचे पंख लांबवले. मूळ फायरबीचे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चार मीटरांच्या आत होते. उंचावर जाणाऱ्या आवृत्तीत ते दुपटीहून अधिक, आठ मीटरांच्या पुढे गेले. धड लांब करून इंधनाला जागा केली. उंच आभाळात आणखी एक अडचण निघाली. इंजिनाच्या धुराड्यातली वाफ गोठून मागे पांढरा पट्टा उमटायचा आणि तोच खालच्या तोफचींना वाट दाखवायचा. तो पट्टा उमटू नये म्हणून झोतात रसायन सोडूनही पाहिले गेले.

पुढे मोसमी ढग आडवे आले. आमच्याकडच्या वाचकाला हे पटकन समजेल. युद्धाच्या काळात व्हिएतनामवर महिनोन्महिने ढगांचे छत असायचे आणि उंचावरच्या कॅमेऱ्याला खालचे काहीच दिसत नसे. मग तेच ड्रोन ढगांच्या खाली आणायचे ठरले. जमिनीपासून चार-पाचशे मीटरवरून, कधी त्याहूनही खालून ते जाऊ लागले. खालच्या दाट हवेत लांब पंख अडचणीचे, म्हणून पंख पुन्हा आखूड झाले. एकाच यंत्राचे पंख आधी वाढले आणि मग कापले गेले. दोन्ही वेळा कारण एकच होते, कॅमेऱ्याला कुठून दिसते ते. १४७ च्या अशा वीसहून जास्त आवृत्त्या झाल्या. १९६४ ते १९७५ या काळात आग्नेय आशियात या ड्रोनची तीन हजार चारशेहून अधिक उड्डाणे झाली. पाचशेहून अधिक ड्रोन परतले नाहीत. त्या प्रत्येकाच्या जागी वैमानिक असता तर काय झाले असते, याचा हिशेब वाचकाने मनाशी करावा.

खालून वेगाने जाताना चित्र घेणे किती अवघड, हे एसटीच्या खिडकीशी बसणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. रस्त्याकडेची झाडे फराटा होऊन जातात आणि दूरची टेकडी जागच्या जागी दिसते. तासाला ९०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५० मीटर. कॅमेऱ्याची झडप सेकंदाच्या पाचशेव्या भागापुरती उघडली तरी तेवढ्यात विमान अर्धा मीटर पुढे जाते. त्या अर्ध्या मीटरात उभ्या ट्रकची चाके पुसली जातात. यावर उपाय असा की झडप उघडी असताना फिल्मच मागे सरकवायची, जमिनीची प्रतिमा जेवढ्या वेगाने सरकते अगदी तेवढ्याच वेगाने. मग फिल्मपुरती जमीन स्थिर होते. उंची आणि वेग यांचे गुणोत्तर चुकले तर हे जुळत नाही. म्हणून अशा ड्रोनमध्ये उंची मोजणारे यंत्र टेहळणीचाच भाग असते, फक्त उड्डाणाचा नव्हे. फिल्मच्या जागी आता इलेक्ट्रॉनिक डोळे आले, पण हिशेब तोच राहिला.

वाट चुकण्याचा प्रश्न याहून कठीण. उपग्रहावरून जागा कळण्याची सोय तेव्हा नव्हती. ड्रोनला दिशा, वेग आणि वेळ सांगितलेली असायची. अमुक मिनिटे सरळ, मग वळ, मग कॅमेरा चालू, मग घरी. शंभर किलोमीटरच्या वाटेत दिशेची एका अंशाची चूक झाली तर विमान पावणेदोन किलोमीटर बाजूला जाते. सिहोऱ्याहून नागपूर साधारण शंभर किलोमीटर. इथून निघालेले जेट ड्रोन सहा-सात मिनिटांत तिथे पोचेल, पण एक अंश चुकला तर ज्या इमारतीसाठी गेले ती चौकटीच्या बाहेर राहील.

याचे सर्वांत जिवाला लागणारे उदाहरण सोन तायचे आहे. उत्तर व्हिएतनाममधल्या या छावणीत अमेरिकी युद्धकैदी असल्याची खबर होती आणि त्यांना सोडवायला धाडीची तयारी चालली होती. आत कैदी आहेत का, हे जवळून पाहण्यासाठी १९७० मध्ये एकामागून एक ड्रोन पाठवले गेले. काही पाडले गेले, काही बिघडले. अखेरचा एक ड्रोन अगदी नेमक्या वाटेने छावणीवर आला, आणि वळण क्षणभर आधी घेतले गेले. पंख कलला. कॅमेऱ्याने छावणीऐवजी पलीकडचे क्षितिज टिपले. २१ नोव्हेंबर १९७० रोजी जवान हेलिकॉप्टरने छावणीत उतरले. धाड शिस्तीत पार पडली, पण कोठड्या रिकाम्या होत्या. कैद्यांना जुलैतच दुसरीकडे हलवले होते. सेकंदाला २५० मीटर जाणाऱ्या यंत्राला पाच सेकंदांची चूक म्हणजे सव्वा किलोमीटर. त्या एका चित्रावर किती जणांची आशा टेकली होती, याचा विचार मनातून जात नाही.

दुसरीकडे असाही एक ड्रोन होता की ज्याने परत यायचेच नव्हते. सोव्हिएत बनावटीच्या सॅम-२ क्षेपणास्त्राचा स्फोट नेमका कोणत्या रेडिओ-संकेताने होतो, हे शोधायचे होते. तो संकेत क्षेपणास्त्र अंगावर येते त्या शेवटच्या क्षणीच उमटतो. १३ फेब्रुवारी १९६६ रोजी उपकरणांनी भरलेला एक लाइटनिंग बग क्षेपणास्त्राच्या तोंडी दिला गेला. त्याने संकेत पकडले, दूरच्या विमानाला पाठवले आणि मग तो नष्ट झाला. त्या काही सेकंदांच्या नोंदीतून वैमानिकांचे जीव वाचवणारी उपकरणे घडली. इथे निशाणा आणि टेहळ्या हे दोघे एकाच यंत्रात एकत्र आले.

आता परतीकडे येतो. लाइटनिंग बग डीसी-१३० या मोठ्या वाहक विमानाच्या पंखाखाली लटकून जायचा आणि हवेतच सोडला जायचा. काम उरकून तो मित्रांच्या हद्दीत आला की इंजिन बंद व्हायचे आणि पॅराशूट उघडायचे. मग खास सज्ज केलेले हेलिकॉप्टर वरून येऊन त्या पॅराशूटला हवेतच आकडे अडकवायचे, दोर गुंडाळत ड्रोन उचलायचे आणि तळावर नेऊन अलगद ठेवायचे. हा सगळा खटाटोप कशासाठी? जमिनीवर आपटले तर पंख वाकतात, समुद्रात पडले तर खारे पाणी इंजिनात जाते. खाऱ्या पाण्यात बुडालेले इंजिन पुन्हा वापरायचे तर लगेच गोड्या पाण्याने धुवावे लागते, उघडून वाळवावे लागते, तेल घालावे लागते. उशीर झाला तर गंज धरतो. पुस्तकात या धुण्या-वाळवण्यावर पूर्ण सहा पाने आहेत. लेखकाचे हात त्या कामात गेले आहेत, आणि ती पाने वाचताना ते जाणवते.

परत येण्याची व्यवस्था लंगडी असेल तर उरलेली अलौकिक रचनाही वाया जाते. लॉकहीडच्या डी-२१ ने हे दाखवून दिले. ध्वनीच्या तिप्पट वेगाने जाणारा, रॅमजेटवर चालणारा, काळ्या अंगाचा तो ड्रोन पाहताच डोळे दिपतात. त्याचा कॅमेरा असलेला भाग सुटून पॅराशूटने समुद्रावर उतरायचा, बाकीचे यंत्र नष्ट व्हायचे. १९६९ ते १९७१ मध्ये चीनच्या लोप नोर अणुचाचणी केंद्राकडे असे चार ड्रोन गेले. एक वळलाच नाही आणि पुढे सोव्हिएत हद्दीत निघून गेला. एकाचे पॅराशूट नीट उघडले नाही. एकाचा कॅमेरा समुद्रावर सुखरूप उतरला, पण उचलायला आलेल्या जहाजाखाली सापडून बुडाला. एक चीनमध्ये पडला. चार फेऱ्यांतून एकही चित्र हाती आले नाही. मला हा आख्खा इतिहास त्या जहाजाच्या डेकवरच्या गड्याच्या नजरेतून वाचावासा वाटतो. ध्वनीच्या तिप्पट वेगाने गेलेल्या यंत्राचा कॅमेरा तिथवर बरोबर आला होता आणि शेवटची काही मीटर उरली होती.

सोव्हिएतांनी वेगळा हिशेब धरला. त्यांचे तुपोलेव्ह १४१ आणि १४३ हे ड्रोन ट्रकवरच्या तिरप्या घोडीवरून रॉकेटच्या धक्क्याने उडायचे आणि पॅराशूटने उतरायचे. उतरताना जमीन जवळ आली की खालच्या बाजूला छोटी रॉकेटे पेटून धक्का मऊ करायची. धावपट्टी लागत नाही, वाहक विमान लागत नाही, म्हणून लष्कराच्या तुकडीबरोबर रानात राहता येते. १४१ हा चौदा मीटर लांबीचा आहे आणि त्याचा पल्ला हजार किलोमीटरचा. १० मार्च २०२२ च्या रात्री असाच एक तुपोलेव्ह १४१ युक्रेनच्या बाजूने निघून रोमानिया आणि हंगेरी ओलांडत क्रोएशियाची राजधानी झाग्रेब इथे विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांजवळ कोसळला. नशीब की कोणी मेले नाही. १९७० च्या दशकातली रचना तीन देशांचे आकाश ओलांडून गेली आणि तिला थांबवणारा कोणी निघाला नाही.

आपल्याकडे या गोष्टीचा आरंभ निशाण्यापासूनच झाला. बंगळूरच्या वैमानिकी विकास संस्थेने, म्हणजे डीआरडीओच्या एडीईने, ‘लक्ष्य’ हे बिनमाणसाचे निशाणा-विमान १९८० च्या दशकात उभे केले. लांबी सहा मीटर, पंखांचा पसारा तीन मीटर, वजन सुमारे ७०० किलो. आरंभी त्यात परदेशी इंजिन होते, मग हिंदुस्थान एरोनॉटिक्सने पीटीएई-७ हे आपले जेट इंजिन त्यासाठी बनवले. त्याचा जोर ३८० किलोचा. ओडिशाच्या चांदीपूरच्या किनाऱ्यावरून रॉकेटच्या रेट्याने ते उडते आणि दीड किलोमीटर लांब दोराने मागे निशाणा ओढत नेते, म्हणजे क्षेपणास्त्राने तो निशाणा फोडावा आणि विमान वाचावे. मग ते पॅराशूटने उतरते. नाकाचा भाग मुद्दाम चेपला जाईल असा ठेवलेला असतो. आपटण्याचा मार तो झेलतो आणि आतली उपकरणे वाचतात. २०१० मध्ये त्याच्या सुधारित आवृत्तीने समुद्रावरून अवघ्या पंधरा मीटरांच्या आसपास उंचीवर येऊन उड्डाण केले. फायरबीने कित्येक वर्षे आधी जी वाट धरली होती, तिच्यावरचे रॉकेटवरून सुटणे, स्वतःच्या इंजिनावर उडणे, खालून जाणे आणि शाबूत परतणे हे टप्पे आपल्या लोकांनी आपल्या हातांनी पार केले.

लक्ष्यच्या आकड्यांवरून जेटची खरी किंमत कळते. लहान टर्बोजेट इंजिन प्रत्येक किलो जोरामागे तासाला किलोहून थोडे जास्त इंधन खाते. ३८० किलोचा जोर पूर्ण लावला तर तासाला चारशे किलोंच्या वर. सगळे विमान मिळून ७०० किलोंचे आहे, हे लक्षात घ्या. अर्ध्या-पाऊण तासापलीकडे ते हवेत राहू शकत नाही, यात नवल नाही. पंखा लावलेला हेरॉनसारखा ड्रोन चोवीस तासांहून जास्त तरंगतो, कारण तो फार मोठ्या हवेला हळूच मागे ढकलतो. जेट थोड्या हवेला जोरात ढकलते. त्यात वेग मिळतो आणि इंधन जाते. इंजिन लहान करत नेले की त्याची भूक आणखी वाढते. पात्याचे टोक आणि भोवतीची कडा यांत कितीही बारीक फट ठेवली तरी लहान पात्याच्या मानाने ती मोठीच, आणि तिथून दाबाखालची हवा निसटते. मोठ्या विमानात पात्यांच्या आतून थंड हवा खेळवून ती तापल्या वायूत टिकवतात. बोटाएवढ्या पात्यात तशी भोके पाडायला जागा नसते. म्हणून तापमान कमी ठेवावे लागते आणि कमी तापमानात कमी काम निघते. हा अडसर ज्या देशांनी सोडवला, त्यांच्याच हाती हे तंत्र आले. पुण्याच्या भारत फोर्जसारख्या, धातू घडवण्यात हयात गेलेल्या मराठी मातीतल्या कंपनीने लहान जेट इंजिनांत लक्ष घातले आहे, हे मला म्हणूनच फार महत्त्वाचे वाटते.

लक्ष्यनंतर ‘अभ्यास’ आला. तो आणखी लहान आणि हलका आहे. नाक, उपकरणांचा कप्पा, इंधनाची टाकी, हवा घेण्याचा भाग आणि शेपूट असे पाच तुकडे जोडून तो होतो. १३ मे २०१९ रोजी चांदीपूरला त्याची चाचणी यशस्वी झाली, आणि पुढे उत्पादनासाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सबरोबर मुंबईच्या लार्सन अँड टुब्रोची निवड झाली. रडारला तो मोठ्या विमानासारखा दिसावा म्हणून त्यात खास भिंग बसवता येते. टेहळणीच्या ड्रोनमध्ये हेच उलटे करायचे असते. त्याचा आकार आणि हवेचे तोंड असे ठेवायचे की रडारला काहीच परत जाऊ नये.

महाराष्ट्राचा या क्षेत्राशी संबंध नगर, पुणे आणि देवळाली या तीन ठिकाणांतून येतो. ‘निशांत’ या टेहळणी ड्रोनला झेप देणारी हवा-द्रवाच्या दाबावर चालणारी घोडी पुण्याजवळ दिघीच्या संशोधन संस्थेने बनवली. त्याचे फिरत्या दट्ट्याचे वांकेल इंजिन भारतीय करण्यात नगरच्या वाहन संशोधन संस्थेचा मोठा वाटा होता. निशांत जेट नव्हता, पण धावपट्टीशिवाय सुटणे आणि पॅराशूटने येणे हे त्याचे शिक्षण जेटलाही तसेच लागते. भूदलात ड्रोन आधी तोफखान्याकडे आले, कारण गोळा कुठे पडला हे तोफचीला पाहायचे असते, आणि तोफखान्याचे विद्यालय देवळालीला आहे. पुस्तकातले हे प्रकरण लहान आहे. ते मोठे असते तर बरे झाले असते, असे मी लेखकाला म्हटलेही.

वैमानिकाच्या जिवाचे मोल आपल्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. १० एप्रिल १९५९ रोजी, ईदच्या दिवशी, आपल्या हवाई दलाचे कॅनबेरा हे टेहळणी विमान पाकिस्तानने पाडले. त्यातल्या दोघांनी उडी घेतली आणि ते पकडले गेले. चाळीस वर्षांनी, २१ मे १९९९ रोजी, कारगिलच्या डोंगरांवर पुन्हा एक कॅनबेरा चित्रे घेत होते. खांद्यावरून सोडलेल्या क्षेपणास्त्राने त्याचे एक इंजिन निकामी झाले आणि वैमानिकांनी उरलेल्या एका इंजिनावर ते श्रीनगरला आणले. तेव्हा आपल्याकडे त्या डोंगरांवरून झपाट्याने जाऊन येणारे जेट टेहळणी ड्रोन असते, तर त्या कॅनबेरातल्या दोघांना जावे लागले नसते. त्या दिवशी काय घडले ते वाचल्यावर ही प्रस्तावना लिहायची तर जीव लावून लिहायची, असे मी ठरवले.

भंडारा जिल्ह्याला हा विषय आणखी एका बाजूने जवळचा आहे. धावपट्टीविना जमिनीवरून उडणाऱ्या जेट ड्रोनला बहुतेक वेळा पहिले दोन-तीन सेकंद घन इंधनाचे रॉकेट ढकलते, आणि जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत प्रणोदके आणि स्फोटके घडवण्यात आपल्या जिल्ह्याची कुटुंबेच्या कुटुंबे खपली आहेत. २४ जानेवारी २०२५ च्या स्फोटात तिथले आठ कामगार गेले. संरक्षणाची गोष्ट सांगताना वैमानिकाचे नाव येते, शास्त्रज्ञाचे येते. साचा भरणाऱ्या आणि मिश्रण ढवळणाऱ्या हातांचे येत नाही. या पुस्तकात ते येते, आणि ते यायलाच हवे होते. नागपूरच्या सोलर समूहाने ‘नागास्त्र-१’ हा घिरट्या घालून मारा करणारा ड्रोन लष्कराला दिला आहे. तो विजेवर चालतो आणि टेहळणीच्या जेटपेक्षा वेगळ्या कामाचा आहे, पण आमच्या मुलांना शिक्षण संपवून अशा कामाला दिल्ली-बंगळूरलाच जावे लागते असे आता नाही.

ड्रोन परत न आला तरी चालेल, चित्रे आधीच आली की झाले, असे आज कोणी म्हणेल. चित्रे उड्डाणातच जमिनीवर पाठवता येतात हे खरे. पण रेडिओ-दुवा शत्रू दाबू शकतो आणि ड्रोनचा ठावठिकाणाही त्यातूनच फुटतो. अमेरिकेच्या ग्लोबल हॉकने जेट टेहळणीला दुसरे टोक दाखवले. त्याच्या मोठ्या आवृत्तीचे पंख चाळीस मीटरांच्या जवळपास आहेत, टर्बोफॅन इंजिन आहे, उंची अठरा किलोमीटर आणि सलग उड्डाण तीस तासांहून अधिक. २००१ मध्ये तो प्रशांत महासागर ओलांडून न थांबता ऑस्ट्रेलियाला गेला. २० जून २०१९ रोजी इराणने त्याच जातीचा एक ड्रोन होर्मुझजवळ पाडला, दहा कोटी डॉलरहून अधिक किमतीचा. इतके महागडे यंत्र गमावणे कोणत्याच देशाला परवडत नाही. म्हणजे लहान, स्वस्त, वेगवान आणि परत येणारे हे जुने सूत्र पुन्हा पुढे येते.

आपल्याकडे १ जुलै २०२२ रोजी चित्रदुर्गच्या तळावर बिनशेपटीच्या, वटवाघळाच्या आकाराच्या जेट ड्रोनने स्वतः धावून, उडून, वळून आणि चाकांवर उतरून दाखवले. त्याच्या नियंत्रणाला डोळ्यांत तेल घालून बसावे लागते, कारण शेपूट नसलेले विमान क्षणोक्षणी वाकडे व्हायला पाहते आणि संगणकाला ते क्षणोक्षणी सरळ करावे लागते. पुस्तकाच्या शेवटच्या भागात या आकाराची चिकित्सा आहे. गणिताची सवय नसलेल्या वाचकाने ती आधी सोडून द्यावी आणि लक्ष्यच्या पॅराशूटवरचे प्रकरण प्रथम वाचावे. तिथे कापडाचा घेर किती, उतरण्याचा वेग किती आणि सातशे किलोंचा धक्का नाकाने कसा झेलायचा हे हातात पेन्सिल घेऊन सोडवता येते. दहावीचे विज्ञान पुरते. मग इंजिनाकडे या, मग कॅमेऱ्याकडे, आणि बिनशेपटीच्या विमानाकडे सर्वांत शेवटी. लेखकाने प्रकरणांचा क्रम वेगळा ठेवला आहे, पण आमच्या शाळेतल्या मुलांना मी याच क्रमाने शिकवणार आहे.